पट १३, प्रस्ताव ‘समायोजना’चा : शाळा व्यवस्थापन समितीने नक्की काय करायचं?

वाडीवरचा_पालक

नमस्कार मंडळी.

जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, वाडीवरची. यंदाचा पट १३ : पहिलीत २, दुसरीत ४, तिसरीत ४, चौथीत ३. मंजूर शिक्षक दोन, पण त्यांतले एक दिवाळीपासून तोंडी आदेशावर दुसऱ्या शाळेत आहेत. केंद्रप्रमुखांनी शाळा व्यवस्थापन समितीकडे ‘समायोजनास हरकत नाही’ (म्हणजे शाळा बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत घ्यायला हरकत नाही) असा ठराव मागितला आहे. मजकूर टाइप करूनच आणलाय, खाली फक्त सह्या करायच्या. लेखी पत्र काहीच नाही.

मुलं ज्या शाळेत पाठवायची ती मुख्य गावात आहे. रस्त्याने २.६ किलोमीटर, पायवाटेने १.४. पायवाटेवर ओढा आहे, पावसाळ्यात ती बंद. प्रस्तावात अंतर ‘१ किमी’ टाकलंय असं कानावर आलं. वाडीतली आणखी ६ मुलं इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनने तालुक्याला जातात.

पट २० च्या खाली गेला की शाळा बंद करायची असा कायदाच आहे का? ठराव दिला नाही तर काय होतं? अंतर कुणी आणि कसं मोजायचं? ‘गाडी देऊ’ म्हणतात, ते कितपत धरायचं? आणि शाळा जाणारच असेल तर आधी काय काय लेखी घ्यायचं?

बैठक पुढच्या आठवड्यात आहे. ‘मराठी शाळा वाचवा’ छापाचे प्रतिसाद नकोत, कामाचं सांगा.

---

फाइलवाचक

टाइप केलेल्या कागदावर सही करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

२० चा आकडा कुठून आला ते आधी बघा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्याखालचे महाराष्ट्राचे नियम २०११ चे. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि ६ ते ११ वयाची किमान २० मुलं उपलब्ध असावीत, असं त्या नियमांत आहे. पण ही अट शाळा *स्थापन* करण्याबाबतची आहे. चालू असलेल्या शाळेचा पट २० खाली गेला की ती बंद करा, असं कलम कायद्यात नाही. उलट कलम ६ आणि ९ प्रमाणे परिसरात शाळा उपलब्ध ठेवणं ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. इथे स्थानिक प्राधिकरण म्हणजे तुमची जिल्हा परिषद.

मग दबाव कुठून येतो? धोरणातून. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय गाजला होता. २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तालयाने ‘समूह शाळां’चे (लहान शाळा मिळून एक मोठी शाळा) प्रस्ताव मागवले. नमुने दोन : पुणे जिल्ह्यातलं पानशेत (मुलं बसने आणायची) आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ (निवासी). त्या वेळी २० च्या आतल्या पटाच्या १४,७८३ शाळा, १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक असा हिशोब मांडला होता. शाळेमागे सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. तुमची शाळा या सरासरीत नेमकी बसते, त्यामुळे यादीत नाव येणारच होतं. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे (पटाप्रमाणे शिक्षकपदं मंजूर करण्याचे) निकष बदलले आणि लहान शाळांच्या पदांना कात्री लागली. त्या निर्णयाप्रमाणे सहावी ते आठवीचा पट २० खाली असेल तर त्या गटाला शिक्षकपदच मंजूर होत नाही. तुमची शाळा चौथीपर्यंतच आहे, म्हणून हा फटका तुम्हाला नाही.

आता ठराव. शाळा बंद करायला समितीची संमती हवीच, असंही कायद्यात नाही. म्हणजे ‘आम्ही सही केली नाही, आता शाळा कशी बंद करतात बघू’ या भरवशावर राहू नका. मग ठराव मागतात कशाला? फाइल वर जाते तेव्हा ‘पालकांची संमती आहे’ एवढी एक ओळ असली की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. नुसतं ‘हरकत आहे’ लिहिलं तर त्याला ‘स्थानिक विरोध’ म्हणून बाजूला सारतात. तेव्हा ठरावात मतापेक्षा माहिती जास्त असू द्या. साधारण असा :

“समायोजनाबाबत कोणतेही लेखी पत्र वा प्रस्तावाची प्रत समितीस प्राप्त झालेली नाही. शाळेचा आजचा पट १३. प्रस्तावित शाळेचे अंतर बारमाही रस्त्याने २.६ कि.मी. असून पायवाट पावसाळ्यात बंद असते. वाडीतील ६ वर्षांखालील बालकांची अंगणवाडीनिहाय यादी सोबत जोडली आहे. सबब समिती समायोजनास संमती देत नाही. प्रस्तावाची प्रत, अंतराचा दाखला व वाहतुकीचा आराखडा मिळाल्यावर समिती पालकसभा घेऊन लेखी म्हणणे सादर करील.”

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे चेंडू त्यांच्याकडे जातो आणि तुम्ही आडमुठे ठरत नाही.

इतिवृत्ताच्या बाबतीत हमखास होणारे घोळ : विषयपत्रिकेवर विषय नसतो, सदस्यांना सूचना दिल्याची सही घेतलेली नसते, आणि कोऱ्या पानावर आधी सह्या घेऊन मजकूर मागून लिहिला जातो. कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला हव्यात. समितीची मुदत संपली असेल वा चौथी पास होऊन गेलेल्या मुलांचे पालक अजून सदस्य असतील, तर ठरावावर पहिला आक्षेप तिथेच येईल. बैठकीआधी यादी तपासा. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात आणि नोकरीमुळे त्यांची अडचण होते. त्यांना कोंडीत पकडू नका. ठराव अध्यक्ष आणि पालक सदस्यांनी मांडावा, गुरुजींनी फक्त नोंदवावा.

आणि तोंडी आदेशावर गेलेले शिक्षक. हा मुद्दा तुम्ही ओझरता सांगितलाय, पण तुमच्या हातातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कलम २५(२) प्रमाणे एका शाळेवरचा शिक्षक दुसऱ्या शाळेत वा कार्यालयात वापरता येत नाही. कलम २७ चे अपवाद फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. आधी शिक्षक काढायचा, मग एकशिक्षकी झाली म्हणून पालक मुलं काढतात, मग पट घसरला म्हणून शाळा काढायची, हा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांना स्वतंत्र पत्र द्या : ‘अमुक तारखेपासून दुसरे शिक्षक शाळेत नाहीत, लेखी आदेशाची प्रत द्यावी व त्यांना मूळ शाळेत परत पाठवावे.’ समायोजनाच्या पत्रात हे मिसळू नका, दोन्ही विषय पातळ होतात.

---

पटावर_बोला

वरच्या प्रतिसादाला +१. मी फक्त पटाबद्दल लिहितो, कारण शेवटी मोजलं तेच जातं.

पट किती हे वर्गात बसलेल्या डोक्यांवर ठरत नाही. संचमान्यतेला ३० सप्टेंबरची सरकारी पोर्टलवरची नोंद धरतात. गेल्या काही वर्षांत आधार ‘वैध’ असलेले विद्यार्थीच मोजण्यावर भर आहे. म्हणजे मूल रोज शाळेत येतंय, खिचडी खातंय, पण आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं) नाव जुळत नाही, तर मोजणीतून गळू शकतं. १३ च्या पटात दोन मुलं अशी गळली की ११. नेहमीच्या चुका : आडनाव नाही, वडिलांचं नाव निराळ्या स्पेलिंगने, जन्मतारीख १ जानेवारी टाकलेली, लिंगाची चुकीची नोंद. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारला बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं; सात वर्षांच्या आत ते मोफत होतं. गुरुजींकडून आजच पोर्टलवरची यादी घ्या आणि १३ पैकी किती वैध, किती अवैध ते बघा. दुरुस्तीला जन्मदाखला लागतो आणि आधार केंद्र बहुतेक तालुक्यालाच असतं, तेव्हा ऑगस्ट संपायच्या आत उरका.

दुसरं, पुढचा पट. अंगणवाडी सेविकेकडून जन्मतारखांसह यादी घ्या. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण हवीत, त्या हिशोबाने मुलं वर्षवार टाका. समजा पुढच्या तीन वर्षांत पहिलीला ४, ३ आणि ५ मुलं येणार आहेत. तुमच्या आजच्या आकड्यांवर पट होतो १४, १३, १४. म्हणजे शाळा घसरत नाहीये, लहान आहे पण स्थिर आहे. हा तक्ता अंगणवाडी सेविका आणि मुख्याध्यापकांच्या सहीने जोडा. प्रस्तावात बहुतेक वेळा मागच्या पाच वर्षांचा उतरता आलेखच असतो, पुढचं कोणी मोजत नाही.

तिसरं, पाचवीचा वर्ग. शाळा चौथीपर्यंत आहे आणि पाचवी असलेली जवळची शाळा २.६ किमीवर. प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी ही कायद्याची रचना आहे आणि त्यासाठी मर्यादा १ किमीची. मग चौथीला पाचवी जोडण्याची मागणी करायला तुमच्याकडे पूर्ण आधार आहे. यंदाची चौथीची ३ मुलं थांबली तर पट १७, त्याच्या पुढच्या वर्षी १७, मग १८. व्हॅनने जाणाऱ्या सहांपैकी तीन जण परत आले तर २० ला टेकता. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, सोबत समितीचा ठराव, पालकांची संमतीपत्रं, वर्गखोल्यांची संख्या आणि अंतराचा दाखला. संमतीपत्रं मार्चमध्येच घ्या. जूनपर्यंत दाखले निघून गेलेले असतात, मग मुलं परत फिरत नाहीत.

व्हॅनवाल्या पालकांशी बोलताना माध्यमावर वाद घालू नका. तो वाद कुणी जिंकत नाही. त्यांना बहुतेक वेळा तीन गोष्टी हव्या असतात : शिक्षक रोज आणि वेळेवर, चार वर्षांच्या मुलाला बसायला जागा (अंगणवाडी शाळेच्या आवारात असली तर निम्मं काम होतं), आणि मुलाला इंग्रजी वाचता येतंय हे डोळ्यांनी दिसणं. शाळापूर्व तयारी मेळावा नुसता फोटोपुरता न करता त्या सहा घरांना हाताला धरून बोलवा.

एक सूचना, कडक शब्दांत. पाहुण्यांची, मामाच्या गावची नावं पटावर चढवू नका. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीनंतर जे झालं ते गुरुजींना विचारा. पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, हजेरी आणि पोर्टल आता शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. एक बोगस नाव सापडलं की बाकीच्या बाराही मुलांवर संशय येतो, आणि कारवाई गुरुजींवर होते.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर तोही मुद्दा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरं हलतात आणि भेट नेमकी तेव्हा झाली तर हजेरी निम्मी दिसते. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरमध्येच द्यावा लागतो, पाठवणी झाल्यावर नव्हे. स्थलांतरित मुलांचा प्रवेश सुनिश्चित करणं हे कलम ९(ट) खाली जिल्हा परिषदेचंच कर्तव्य आहे.

---

एसटीची_वाट

दादा, अंतर आणि गाडी याबद्दल लिहिते.

‘१ किमी’ हा आकडा बहुधा नकाशावरच्या सरळ रेषेचा असतो. दोन शाळांचे अक्षांश-रेखांश टाकले की संगणक कावळ्याच्या वाटेने अंतर देतो. तुम्ही तीन अंतरं मोजा : सरळ, पायवाटेने आणि बारमाही रस्त्याने. मोबाइलमध्ये चालण्याचा मार्ग नोंदवणारं कुठलंही अ‍ॅप चालतं. सुरुवात शाळेच्या दारापासून न करता वाडीतल्या सर्वांत लांबच्या घरापासून करा, कारण मूल घरातून निघतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन चाला आणि वेळ लिहा. मोठ्या माणसाला २.६ किमीला अर्धा तास लागतो, दप्तर घेतलेल्या पहिलीच्या मुलाला पाऊण ते एक तास. वाटेवरचं लिहून काढा : ओढा, साकव आहे की नाही, घाटाचं वळण, डंपर चालणारा रस्ता, मोकाट कुत्री, दोन्ही बाजूंनी वाढलेलं गवत. फोटो पावसाळ्यातले हवेत, एप्रिलमधल्या कोरड्या ओढ्याचे उपयोगाचे नाहीत. रस्त्याच्या अंतराचा दाखला सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाकडे मागा. ग्रामपंचायतीचा दाखला जोडा, पण एकट्या त्यावर विसंबू नका.

गाडीचा हिशोब असा. वाहतूक भत्ता समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या निकषांत मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये. १३ मुलांचे ७८,०००. शाळेचे २२० दिवस धरले तर दिवसाला साधारण ३५५ रुपये, म्हणजे एका वेळेला पावणेदोनशे. तेवढ्यात चालक, डिझेल, विमा, फिटनेस. पूर्ण दिवस गाडी त्यासाठी कोणी अडकवून ठेवत नाही. जीपवाला आपल्या इतर फेऱ्यांच्या मध्ये मुलं बसवतो, म्हणून सकाळी लवकर नेऊन सोडतो आणि दुपारी तासभर ताटकळत ठेवतो. शिवाय पैसे आगाऊ मिळत नाहीत. भत्ता पालकाच्या किंवा मुलाच्या खात्यात मागाहून जमा होतो आणि जीपवाल्याला महिन्याच्या महिन्याला रोख हवे असतात. दोन-तीन महिने थकले की गाडी थांबते. गाडी थांबली की आधी मुलींची शाळा बुडते.

एसटीवर भरवसा ठेवायला सांगतील तर हेही बघा : मुलींसाठीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास पाचवीपासून पुढे आहे, पहिली ते चौथीला नाही. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस ठरावीक तालुक्यांत आणि हायस्कूलच्या वेळेला धावतात. सहा वर्षांचं मूल एकटं एसटीत बसवणार कोण, हा प्रश्न तर कागदावर येतच नाही.

म्हणून ‘गाडी देऊ’ या शब्दाला उत्तर एकच : कोणती, कुणाच्या नावावरची, किती आसनांची, कुठून किती वाजता, पैसे कोण कुणाला कोणत्या तारखेला देणार, आणि गाडी बिघडली तर त्या दिवशी काय? २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळा स्तरावर परिवहन समिती लागते. मुली असतील तर महिला मदतनीस, शिवाय प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक. हे सगळं आदेशाच्या *आधी* मागायचं. आदेश निघाल्यावर तुमच्या पत्राला जावक क्रमांकाशिवाय काही मिळत नाही.

---

वाडीवरचा_पालक

सर्वांचे आभार. अंगणवाडीची यादी मागवली. पोर्टलवर ११ वैध, २ अवैध निघाले. एकाचं नाव, एकीची जन्मतारीख.

एक राहिलं : वर्गखोलीला तडे आहेत म्हणून ‘तोपर्यंत तात्पुरतं’ मुख्य शाळेत बसवा असंही सुचवलं जातंय. ते मान्य करावं का?

---

फाइलवाचक

इमारत खरंच धोकादायक असेल तर मुलं त्यात बसवू नका, त्यात तडजोड नाही. पण धोकादायक आहे हे बांधकाम उपअभियंत्याच्या लेखी अहवालावर ठरू द्या, तोंडी नको. आणि ‘तात्पुरतं’ वाडीतच होऊ शकतं : समाजमंदिर, अंगणवाडीची खोली, ग्रामपंचायतीचा हॉल. जागा दोन दिवसांत शोधून भाड्याशिवाय देण्याचं पत्र लावा. वाडीबाहेर जाणं भागच असेल तर आदेशात तीन गोष्टी पाहा : मुदतीची तारीख, शाळेचा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) चालू राहील हे वाक्य, आणि हजेरी वेगळी ठेवली जाईल हे वाक्य. मुलं दुसऱ्या शाळेच्या हजेरीपटावर चढली की पुढच्या ३० सप्टेंबरला तुमच्या शाळेचा पट शून्य दिसतो. मग बंद करायला वेगळा आदेशही लागत नाही.

दुरुस्तीचा प्रस्ताव त्याच आठवड्यात द्या. ३० पर्यंतच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये असतं, त्यात रंगरंगोटीच होते. छत वा भिंतीसाठी जिल्हा परिषदेचा दुरुस्ती निधी किंवा जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायतीकडून वित्त आयोगाचे पैसे.

---

बहुवर्ग

थोडं विरुद्ध बाजूने लिहितो. राग मानू नका.

१३ मुलं आणि पुढचा पट स्थिर असेल तर शाळा टिकवण्यासारखी आहे, वरचं सगळं पटतं. पण हाच धागा पट ३ असलेल्या शाळांचे पालकही वाचतील, म्हणून लिहितो. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन आहे. एकशिक्षकी शाळेत गुरुजी केंद्राच्या बैठकीला, प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला गेले की त्या दिवशी शाळा बंद. उरलेल्या दिवसांत चार इयत्ता एकाच खोलीत, त्यात ऑनलाइन माहिती आणि खिचडीचा हिशोब. बहुवर्ग अध्यापन वाईट नाही. पहिली-दुसरी एका गटात आणि तिसरी-चौथी दुसऱ्या गटात ठेवून दोन शिक्षक उत्तम शिकवतात. पण दोन हवेत. आणि तिसरीत एकच मूल असेल तर त्याला कुणाशी बोलून शिकायचं, कुणाबरोबर खेळायचं, हा प्रश्न खरा आहे. कोकणातल्या वाड्यांवर, जिथे घरंच मुंबईला गेलीत, अंगणवाडीत मूल नाही, तिथे ‘शाळा वाचवा’ म्हणजे एका मुलाला एकटं बसवणं होतं. राज्याचा प्रजननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ आला. मुलं कमी होणारच आहेत, प्रश्न एवढाच की कुठे आणि कशी एकत्र आणायची.

तेव्हा ज्यांची शाळा जाणारच आहे त्यांनी निदान शेवटचे महिने नीट हाताळा.

शाळा मध्यावर हलवू देऊ नका, वर्ष संपल्यावर हलवा. एप्रिलमध्ये मुलांना आठवड्यातून एक दिवस नव्या शाळेत बसवा. निदान एक शिक्षक मुलांबरोबर त्याच शाळेत जाईल अशी मागणी लेखी करा. समायोजनात शिक्षक ज्येष्ठता आणि रिक्त पदांप्रमाणे कुठेही जातात, पण मागणी केली नाही तर विचारही होत नाही. दाखला पालकांनी मागत फिरायचा नाही. दोन्ही मुख्याध्यापकांनी एका दिवसात कागदोपत्री आणि पोर्टलवर मुलं वर्ग करायची. पोर्टलवरची विनंती मंजूर व्हायची राहिली की मूल दोन्हीकडे किंवा कुठेच दिसत नाही, मग पुस्तकं, गणवेश आणि तांदूळ (पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम) कमी येतो. पहिल्या आठवड्यात नव्या शाळेच्या यादीत तेराही नावं स्वतः बघा.

आणि जनरल रजिस्टर. याकडे कुणाचंच लक्ष नसतं. शाळा बंद झाली की कपाटं कुठे तरी रचली जातात आणि वाळवी लागते. वाडीतल्या प्रत्येक घराच्या जातीच्या दाखल्याचा पुरावा त्या वहीत असतो : अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद विचारतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरं किती ठिकाणी मिळाली आणि किती ठिकाणी नाही, ते सर्वांनी पाहिलं. तुमची शाळा तेवढी जुनी नसेल तर वडिलांच्या नोंदी मुख्य शाळेत असतील, पण तुमच्या नोंदी इथल्याच वहीत आहेत. रजिस्टरची पानं क्रमांक घालून, दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीच्या ताबापावतीवर द्या, आणि प्रत्येक पानाचा फोटो ग्रामपंचायतीत ठेवा. ‘यापुढे या शाळेचे दाखले व प्रवेश-निर्गम उतारे अमुक शाळेतून मिळतील’ हे वाक्य आदेशातच घालून घ्या.

इमारतीचंही ठरवून घ्या. जागा बक्षीसपत्राने मिळालेली असेल तर त्यातल्या अटी वाचा. ‘शाळेसाठीच’ असं लिहिलेलं असतं. अंगणवाडी किंवा अभ्यासिका तिथे आणायचा ग्रामसभेचा ठराव आदेशाबरोबरच ठेवा. रिकामी खोली एक पावसाळा काढते, दुसऱ्याला कौलं जातात.

---

पटावर_बोला

बहुवर्ग सरांशी सहमत, पट ३ आणि पट १३ एका मापाने मोजू नयेत.

---

एसटीची_वाट

तक्रार कुठे करायची हे कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

आधी माहिती अधिकार : जिल्हा परिषद शिक्षण विभाग (प्राथमिक), १० रुपये शुल्क, ३० दिवस. मागायचं ते नेमकं : प्रस्तावाची प्रत, अंतराचा दाखला व नकाशा, दुसऱ्या शिक्षकाच्या प्रतिनियुक्तीचा आदेश, वाहतुकीसाठी केलेली तरतूद. ‘शाळा का बंद करता’ असा प्रश्न विचारलात तर अर्ज निकाली निघेल, कारण कायदा कागद देतो, खुलासे देत नाही.

त्याच्याच जोडीला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ ची तक्रार. ती जिल्हा परिषदेकडे लेखी द्यायची. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. निर्णय पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तक्रारदार म्हणून समितीचं नाव असू द्याच, पण दोन-तीन पालकांनी आपापल्या मुलांच्या वतीने वेगळ्या तक्रारी द्या, कारण समितीची मुदत संपू शकते, मुलाचा हक्क १४ वर्षांपर्यंत राहतो. प्रत गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी तिघांना. प्रत्येक पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, शिक्का पुरत नाही.

ग्रामसभेचा ठराव घेणार असाल तर गणपूर्ती बघा : मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. मुख्य गावाची माणसं जास्त आणि वाडीची कमी असतात, तिथे विषय पडू शकतो. वाडीतल्या बायका त्या दिवशी कामाला जाणार नाहीत एवढं आधी ठरवा.

---

वाडीवरचा_पालक

ठरावाचा मसुदा वरच्याप्रमाणे केला, शिक्षकांसाठी वेगळं पत्र केलं. पाचवीची संमतीपत्रं चौथीच्या तिघांकडून आणि व्हॅनवाल्या दोन घरांकडून मिळतील असं दिसतंय. त्या दोघांची एकच अट आहे, दुसरे गुरुजी परत आले तर.

---

फाइलवाचक

मग शिक्षकांच्या पत्राची पोच आधी घ्या, पाचवीचा प्रस्ताव त्यानंतर. आणि त्या दोन घरांची अट संमतीपत्रात लिहूनच घ्या. ‘दुसरा शिक्षक रुजू झाल्यास प्रवेश घेऊ’ असं पालकांच्या सहीने फाइलला लागलं की पट कशामुळे कमी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.